गर्दीच्या डेप्थ चार्टमध्ये आपल्या मुलाची जागा कुठे?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या भरतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टेक्सासमध्ये राहतो. इथे शुक्रवारची संध्याकाळ हायस्कूल फुटबॉलची असते आणि आता आपल्या मराठी घरांतली मुलंही हेल्मेट घालून त्या मैदानावर दिसू लागली आहेत. माझा भाचा या भरतीतून (कॉलेजचे कोच हायस्कूलमधून खेळाडू निवडून घेतात, त्यातून) गेला, त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

डेप्थ चार्ट म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक जागेसाठी कोचनं लावलेली खेळाडूंची रांग. पहिलं नाव स्टार्टरचं, म्हणजे सुरुवातीपासून खेळणाऱ्याचं, दुसरं बॅकअपचं, म्हणजे राखीव गड्याचं, मग तिसरं, चौथं. आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, किक मारणारे आणखी वेगळे, म्हणजे रांगाच पंचवीसच्या आसपास होतात. कधी कधी दोन नावांच्या मध्ये नुसतं 'किंवा' छापलेलं असतं. तिथे निर्णय झालेला नाही, किंवा झालाय पण कोचला तो सांगायचा नाही. काही कोच तर यादी जाहीरच करत नाहीत.

ही यादी येत्या शनिवारच्या सामन्यासाठी असते. अकरावीतला मुलगा ती वाचून कॉलेज ठरवायला बसला, तर तो प्रत्यक्ष मैदानात उतरेपर्यंत त्यातली निम्मी नावं गेलेली असतील.

माझ्या मुलाच्या जागेवर आधीच पाच जण आहेत. तिथे जाणं वेडेपणा नाही का?

जागा कोणती, यावर सगळं आहे. नुसती डोकी मोजून उत्तर मिळत नाही.

रिसीव्हरचं, म्हणजे फेकलेला पास झेलणाऱ्याचं, उदाहरण घ्या. आजकाल एका वेळी तीन, कधी चार रिसीव्हर मैदानावर असतात. २०१७ च्या भरतीत अलाबामानं जेरी ज्युडी, हेन्री रग्ज आणि डेव्हॉन्टा स्मिथ या तिघांनाही घेतलं, पुढच्या वर्षी जेलन वॉडल आला. कागदावर ही एकमेकांच्या पायात पाय अडकण्याइतकी गर्दी होती. चौघंही एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत निवडले गेले आणि स्मिथनं २०२० चा हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकला. एकाला दोघांनी घेरलं की दुसरा मोकळा सुटायचा, त्यामुळे गर्दीचा फायदा सगळ्यांनाच झाला.

ओहायो स्टेटची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२० मध्ये तिथे गॅरेट विल्सन, ख्रिस ओलावे, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा आणि जेमसन विल्यम्स एकत्र होते. विल्यम्सला आपला नंबर लागणार नाही असं वाटलं आणि तो अलाबामाला गेला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये विल्सन १० वा, ओलावे ११ वा आणि विल्यम्स १२ वा निवडला गेला, लागोपाठ. स्मिथ-एन्जिग्बा पुढच्या वर्षी पहिल्या फेरीतच गेला. राहिलेले चुकले नाहीत आणि गेलेलाही चुकला नाही. म्हणूनच कुणी फोनवर 'राहावं की जावं' असं एका वाक्यात विचारलं की मी आधी मुलाबद्दल चार गोष्टी विचारतो.

बचावाच्या फळीत, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइनवर, गर्दीला घाबरण्याचं कारण आणखी कमी. तीनशे पौंडांचा माणूस प्रत्येक डावाला जीव तोडून धडकू शकत नाही, त्यामुळे तिथे आळीपाळीनं सात-आठ जण खेळतात. जॉर्जियाच्या २०२१ च्या विजेत्या संघातले ट्रॅव्हॉन वॉकर, जॉर्डन डेव्हिस आणि डेव्हॉन्टे वायट हे तिघं एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, वॉकर तर सगळ्यांत पहिला. जेलन कार्टरही त्याच फळीत होता, तो पुढच्या वर्षी ९ वा निवडला गेला. टाइट एंडसाठी (हा प्रतिस्पर्ध्याला अडवतो आणि पासही झेलतो) आयोवा प्रसिद्ध आहे. तिथले टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट एकाच संघात एकाच जागेवर खेळायचे आणि २०१९ मध्ये दोघंही पहिल्या फेरीत निवडले गेले.

रनिंग बॅकचं (चेंडू घेऊन धावणाऱ्याचं) मात्र जरा जपून. चेंडू एकच असतो आणि अंगावर पडणारे मार मोजके सोसता येतात. अलाबामानं २०१३ मध्ये डेरिक हेन्री आणि अल्विन कमारा या दोघांनाही घेतलं होतं. हेन्री थांबला आणि २०१५ चा हाइझमन घेऊन गेला. कमारा निघाला, कॅन्ससमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात खेळला, मग टेनेसीला गेला, आणि २०१७ मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरला.

क्वार्टरबॅकलाही हेच लागू होतं का?

नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा, एकच खेळतो आणि तो चांगला असेल तर दुखापत झाल्याशिवाय बाहेर येत नाही. आपल्याकडे पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले आणि तरीही एक कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती. शिवलकरांना दुसऱ्या देशाकडून खेळायचा मार्ग नव्हता. कॉलेजच्या क्वार्टरबॅकला दुसरं कॉलेज असतं, म्हणून या जागेवर स्थलांतर सगळ्यांत जास्त दिसतं.

जेलन हर्ट्सची गोष्ट मी प्रत्येक मुलाला सांगतो. तो अलाबामाचा स्टार्टर होता. ८ जानेवारी २०१८ ला अटलांटात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात संघ जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०-१३ नं मागे होता. कोच निक सेबननं हर्ट्सला बसवून नवख्या टुआ टॅगोवायलोआला उतरवलं. टुआनं जादा वेळेत ४१ यार्डांचा पास टाकला आणि सामना २६-२३ नं जिंकला. हर्ट्स तेव्हा जाऊ शकला असता, पण तो एक वर्ष बॅकअप म्हणून थांबला. त्याच वर्षी १ डिसेंबरला, त्याच स्टेडियमवर, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला. संघ मागे असताना हर्ट्स उतरला आणि ३५-२८ नं सामना काढून दिला. पदवी हातात पडल्यावर तो ओक्लाहोमाला गेला, २०१९ च्या हाइझमनच्या मतदानात दुसरा आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सुपर बोलचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या हाइझमनला पहिला आलेला जो बरोही गर्दीतूनच निसटला होता. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं काढूनही स्टार्टरची जागा मिळेना, तेव्हा २०१८ च्या मे महिन्यात पदवी घेऊन तो एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला. २०१९ मध्ये ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे), पंधरापैकी पंधरा विजय, आणि ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक.

थांबलेल्यांतही मोठी नावं आहेत. मॅक जोन्स टुआच्याच वर्षी अलाबामाला आला, आधी हर्ट्सच्या आणि मग टुआच्या मागे उभा राहिला, आणि २०२० मध्ये स्वतः राष्ट्रीय विजेता झाला. नामांकित क्वार्टरबॅकांच्या घराण्यातल्या आर्च मॅनिंगनंही टेक्सासमध्ये २०२३ आणि २०२४ हे दोन हंगाम क्विन इवर्सच्या मागे काढले आणि २०२५ मध्ये स्टार्टर झाला.

माझं मत स्पष्ट आहे. समोरचा स्टार्टर तुमच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठा असेल तर थांबण्यात अर्थ आहे. तो एकाच वर्षानं मोठा असेल आणि खेळ उत्तम असेल, तर दुसरं कॉलेज बघा.

मग गर्दी मोजायची तरी कशी?

नावांपुढे वर्षं लिहा. कोण कधी आला, किती हंगाम खेळला, कुणाचं न खेळता काढायचं वर्ष (रेडशर्ट) वापरून झालं, ड्राफ्टला पात्र व्हायला कुणाचं काय बाकी आहे. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये जाता येत नाही, त्यामुळे उत्तम खेळाडू साधारण तिसऱ्या हंगामानंतर निघतात. ही वजाबाकी केली की पाच जणांची रांग पुष्कळदा दोघांची होते.

मग आपल्याच वर्षीची भरती बघा, कारण खरी स्पर्धा तिथेच असते. त्या वर्षीच्या भरतीतला तिसरा रिसीव्हर असाल तर काळजी नको. भरतीतला दुसरा क्वार्टरबॅक असाल, तर पहिल्याला काय काय कबूल केलंय ते कोचला तोंडावर विचारा.

रेडशर्ट म्हणजे शिक्षा का?

अजिबात नाही. पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असते आणि न खेळता काढलेलं वर्ष म्हणजे रेडशर्ट. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी ते वर्ष वाचतं. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या, मुलांसाठी तर हे वर्ष वरदान आहे. अठराव्या वर्षी जे शरीर असतं ते बावीस वर्षांच्या माणसाला थोपवायला तयार नसतं. त्या वर्षात वजन, ताकद आणि पायांची चपळाई कमावता येते.

पोर्टल आल्यावर या सगळ्याला अर्थ उरलाय का?

उरलाय, पण हिशेब बदललाय. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. आधी कॉलेज बदललं की बहुतेकांना एक वर्ष बसावं लागे (हर्ट्स आणि बरो लगेच खेळले ते पदवी घेऊन गेले म्हणून). २०२१ पासून एकदा न बसता बदलता येऊ लागलं आणि २०२४ पासून, अभ्यास नीट चालू असेल तर, कितीही वेळा.

यात मुलाची सोय झाली, तशी कोचचीही झाली. रिकामी जागा दिसली की कोच अठरा वर्षांच्या पोराला घडवत बसण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजातला दोन हंगाम खेळलेला तयार गडी आणतो. आज मोकळी दिसणारी जागा त्यामुळे खरोखर मोकळी असेलच असं नाही. तारखाही लक्षात घ्या. हायस्कूलच्या मुलांच्या सह्या आता डिसेंबरच्या पहिल्या बुधवारपासून होतात आणि २०२६ साठी पोर्टलची मुदत २ ते १६ जानेवारी अशी ठेवली गेली. म्हणजे मूल आधी सही करतं आणि त्याच्या जागेवर कोण येणार ते महिन्यानं कळतं. हा क्रम मला अन्यायाचा वाटतो. तोवर हातात एकच उपाय आहे: 'या जागेवर जानेवारीत पोर्टलमधून कुणी आणणार आहात का?' असं सहीपूर्वी सरळ विचारायचं. जो कोच नजर चुकवतो, त्याचं उत्तर मिळालेलं असतं.

१०५ चा नियम काय आहे?

पूर्वी वरच्या स्तरावरच्या संघांना ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण शिष्यवृत्तीशिवाय खेळणारे वॉक-ऑन त्याबाहेर असत, त्यामुळे संघ सव्वाशेपर्यंत जात. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना वॉक-ऑन धरून एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्त्या वाढू शकतात, पण रांगेचं शेपूट कापलं गेलं. बेकर मेफिल्ड वॉक-ऑन म्हणून आला आणि २०१७ चा हाइझमन जिंकला. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेटही वॉक-ऑन होता आणि त्यानं लागोपाठ दोन अजिंक्यपदं जिंकली. तशा मुलांसाठी दार आता अरुंद झालंय, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोच म्हणतोय, जागा बदल. ऐकावं का?

हा प्रश्न डेप्थ चार्टपेक्षा मोठा आहे, कारण गर्दी दोन वर्षांत सरते पण बदललेली जागा जन्मभर राहू शकते.

माझा भाचा अकरावीपर्यंत टाइट एंड होता. टाइट एंड चेंडू झेलतो, टचडाउन करतो, भोंग्यावर त्याचं नाव घेतलं जातं. एक दिवस कोचनं सांगितलं, उद्यापासून तू टॅकल. टॅकल ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाला उभा राहतो, चेंडूला हातही लावत नाही आणि त्याचं नाव पुकारलं जातं ते बहुधा त्याची चूक झाली तरच. घरात आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण होतं. बहिणीला वाटलं, पोराचा अपमान झाला. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी चुकलो होतो. त्याची उंची आणि हातांची लांबी टॅकलची होती, पळण्याचा वेग टाइट एंडचा नव्हता. कोचला ते आमच्या आधी दिसलं.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. जेसन केल्सी सिनसिनाटीला वॉक-ऑन म्हणून रनिंग बॅक व्हायला आला, मग बचावात लाइनबॅकर झाला, शेवटी ऑफेन्सिव्ह लाइनवर गेला आणि फिलाडेल्फियाचा नामांकित सेंटर (त्या लाइनच्या मधला गडी) बनला. लेन जॉन्सन ज्युनिअर कॉलेजात क्वार्टरबॅक होता, पुढे ओक्लाहोमात टॅकल झाला आणि २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड होता. शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला, बचावाच्या फळीत उभा राहिला आणि एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू हा मान तीनदा मिळवला. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डमध्ये आधी रिसीव्हर होता, रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक नंतर झाला.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लमार जॅक्सनला अनेकांना दुसऱ्या जागेवर खेळवायचं होतं. मायलेक अडून बसले की क्वार्टरबॅकच, आणि लुईव्हिलच्या बॉबी पेट्रिनोनं तसा शब्द दिला म्हणून तो तिथे गेला. २०१६ चा हाइझमन त्यानं क्वार्टरबॅक म्हणूनच जिंकला, पुढे दोनदा एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडूही झाला. वेगवान कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला रिसीव्हर व्हायला सांगायची अमेरिकेत फार जुनी आणि वाईट सवय आहे. तिथे अडून बसणं हा स्वाभिमान होता.

दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर कोच कारण काय देतो ते ऐका. तो तुमच्या मुलाच्या शरीराबद्दल, पायांबद्दल, टेपवर दिसलेल्या एखाद्या हालचालीबद्दल बोलत असेल तर कान द्या. तो फक्त 'आमच्याकडे तिथे जागा रिकामी आहे' म्हणत असेल, तर ती त्याची गरज झाली. आणि एकच कोच सांगत असेल तर विचार करा, चौघं वेगवेगळ्या कॉलेजांतून तेच सांगत असतील तर बहुधा ते खरं असतं.

दोन्ही बाजूंनी खेळता येईल का?

ट्रॅव्हिस हंटर कोलोराडोसाठी रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक दोन्ही खेळला, २०२४ चा हाइझमन जिंकला आणि ड्राफ्टमध्ये दुसरा आला. असा माणूस अनेक वर्षांतून एखादा होतो. इतर मुलांनी एक जागा नीट शिकावी.

रेटिंगच्या संकेतस्थळावर मुलापुढे 'अ‍ॅथलीट' लिहिलंय. म्हणजे काय?

खेळाडू चांगला आहे पण कॉलेजात तो कुठे खेळेल हे ठरलेलं नाही, एवढंच. अशा मुलानं प्रत्येक कोचला तीच गोष्ट विचारावी: पहिल्या दिवशी मी कुठल्या खोलीत बसणार? प्रत्येक जागेच्या खेळाडूंची बैठकीची खोली वेगळी असते, त्यामुळे याचं उत्तर गोलमोल देता येत नाही.

मोठ्या कॉलेजात बाक की छोट्या कॉलेजात मैदान?

मी मैदानाच्या बाजूचा आहे. जॉश अ‍ॅलनला हायस्कूलमधून वरच्या स्तरावरचं एकही बोलावणं नव्हतं. तो कॅलिफोर्नियातल्या रीडली कॉलेजात खेळला, मग वायोमिंगला गेला आणि २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेला. खेळलेल्या सामन्यांची टेप हाच मुलाचा दाखला. आता तर छोट्या कॉलेजात दोन हंगाम गाजवले की मोठी कॉलेजं पोर्टलमधून स्वतःच हाक मारतात.

डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या खालच्या स्तरात, खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, आयव्ही लीगमध्येही नसते. आपल्या घरांत हे ऐकलं की नाकं मुरडली जातात. पण अभ्यासाच्या आणि गरजेच्या मदतीतून तिथली फी पुष्कळ उतरू शकते. भाचा अशाच एका छोट्या कॉलेजात टॅकल म्हणून खेळतोय आणि सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतोय.

पैशांचा विचार किती करावा?

करावा, लाजू नये. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि २०२५-२६ पासून कॉलेजं थेट वाटाही देऊ शकतात. सगळे खेळ मिळून एका कॉलेजची मर्यादा त्या पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती. संघ कुणावर किती खर्च करतो, त्यावरून त्याच्या मनातला डेप्थ चार्ट कळतो. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवा.

कोचच निघून गेला तर?

हे होतं, आणि वरचेवर होतं. निक सेबननं १० जानेवारी २०२४ ला निवृत्ती जाहीर केली. क्वार्टरबॅक ज्युलियन सायिन तेव्हा अलाबामात नुकता दाखल झाला होता. तो काही दिवसांतच ओहायो स्टेटला गेला आणि २०२५ मध्ये तिथला स्टार्टर झाला. बचावात मागे खेळणारा सेफ्टी केलेब डाउन्सही तिकडेच गेला. मुख्य कोच बदलला की त्या संघातल्या खेळाडूंना पोर्टलची वेगळी मुदत मिळते. मुलाला घेणारा खरा माणूस मात्र बहुतेक वेळा त्या जागेचा सहायक कोच असतो, आणि तो गेला तर अशी सवलत नाही. म्हणून 'हा गेला तरी इथला अभ्यासक्रम, हे गाव, ही मुलं मला आवडतील का?' हे मुलानं सहीच्या आदल्या रात्री स्वतःला विचारावं.

भेटीला गेल्यावर आईवडिलांनी काय करावं?

कोचशी मुलाला बोलू द्या. तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूंना गाठा. स्टार्टर खूश असणारच. जो दोन वर्षं थांबलाय त्याला सरावात किती वेळा उभं करतात, त्याच्या चुका कुणी बसून दाखवतं का, हे त्याच्याकडून ऐका. वसंतात पंधरा सराव असतात. जमलं तर त्यातला एक प्रत्यक्ष बघा. बॅकअपच्या चुकीनंतर कोच काय बोलतो हे तिथे कानावर पडतं.

निर्णय झाल्यावर बाकीच्या कोचना काय सांगायचं?

नकार सरळ सांगायचा: त्याच दिवशी, मुलानं स्वतः फोन करून, आभार मानून. मेसेज नको, आणि गप्प बसणं तर नकोच, कारण उद्या त्याच दारात परत जावं लागू शकतं. क्विन इवर्सनं आधी टेक्सासला होकार दिला होता, मग तो मोडून ओहायो स्टेटला गेला. तिथे सी. जे. स्ट्राउडच्या मागे एक हंगाम काढला आणि डिसेंबर २०२१ मध्ये टेक्सासलाच परत आला. पुढे आर्च मॅनिंग दोन वर्षं ज्याच्या मागे थांबला, तो हाच.